मुकहला हाताळताना

मोरोक्को-अल्जीरियाकडची जुनी लांब बंदूक, तिथल्या बोलीतली ‘मुकहला’, समोर आली की नजर आधी दस्त्यावर जाते. हाडाच्या पट्ट्या, चांदीचे पत्रे, पोवळ्याचे तुकडे. ते निवांत बघता येईल. आधी ती भरलेली नाही ना, ते बघा.

ही ठासणीची बंदूक. शंभर वर्षांपूर्वी ठासलेली काळी दारू कोरडी राहिली असेल तर आजही पेटते. घोड्याला, चापाला हात लावू नका. नळीच्या तोंडासमोर न येता, बाजूला उभे राहून लांब लाकडी काठी अलगद आत टेकेपर्यंत सरकवा आणि तोंडाशी पेन्सिलीने खूण करा. मग काठी बाहेर काढून, खूण तोंडाशी जुळवून नळीलगत धरा. टोक पार मागे, कानाच्या, म्हणजे ठिणगी आत नेणाऱ्या छिद्रापर्यंत गेले पाहिजे. दोन-चार बोटे अलीकडेच राहिले तर आत काहीतरी आहे. ते उकरायला जाऊ नका, जाणत्या माणसाला बोलवा.

चाप-घोड्याच्या रचनेवरून गाव कळते. मोरोक्कोत १७व्या शतकातल्या हॉलंड-इंग्लंडच्या धाटणीची चकमकीची कळ १९व्या शतकातही घडवत होते. तिच्यात ठिणगी पाडणारे पोलाद वेगळे आणि रंजकाच्या वाटीचे झाकण वेगळे. अल्जीरियात स्पॅनिश पद्धत: दोन्ही मिळून एकच तुकडा, मोठी कमान बाहेरून दिसते. कानच पाडलेला नसेल, तर नग बहुधा पर्यटकांसाठी केलेला.

आता भिंग घ्या. पांढऱ्या पट्टीवर बारीक काळसर ठिपके आणि रेघोट्या दिसल्या तर ते हाड. एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषा दिसल्या तर हस्तिदंत. हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर कडक निर्बंध आहेत, म्हणून व्यवहाराआधीच ही खात्री करा.

स्वच्छतेबाबत कळकळीने सांगतो: पितळेला लावतो तशी चिंच किंवा लिंबू इथे लावू नका. पोवळे म्हणजे चुन्याचाच प्रकार, आंबट लागताच ते विरघळू लागते. लिंबू लागलेले एक पोवळे मी भिंगाखाली पाहिले आहे. लाल झिलई गेलेली, वर खडूसारखी पांढुरकी साय. हाडाचेही तेच होते. मऊ कुंचल्याने धूळ झाडा, तेवढे पुरे. लोखंडाला मेणाचा पातळ हात द्या. तेल ओतू नका, ते लाकडात झिरपून हाडावर पिवळे डाग पाडते. निखळलेला तुकडा झटपट गोंदाने चिकटवू नका. पुडीत घालून, कुठला आहे ते वर लिहून ठेवा.

दस्त्याला गाल टेकून झिजलेली जागा आणि जुनी ठिगळे तशीच असू द्या. मोरोक्कोत घोडेस्वार आजही ‘तबुरिदा’त एका दमात बार उडवतात, २०२१ साली युनेस्कोने या परंपरेला वारसायादीत घेतले. ती झीज अशाच वापराची असते.

ठेवताना आडवी ठेवा, दोन-तीन ठिकाणी मऊ आधार देऊन. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर नको. ओल धरली की लाकूड फुगते, मग सुकताना आकसते, आणि हाडाच्या पट्ट्या कडेने उचलू लागतात.