न दाबलेली कळ

संगणकावर मजकुराची नक्कल करायची झाल्यास कंट्रोल आणि सी या दोन कळा एकत्र दाबतात. दोन्ही हात चालणाऱ्यास ही क्रिया क्षुल्लक वाटते. परंतु ज्याचे एकच बोट हलते, त्याला तेवढे अंतरही दुस्तर होते. अशा व्यक्तीला पडद्यावरील कळफलक उपयोगी पडतो. चित्रातील कळांवर एकेक टिचकी दिली, की संगणक कळा दाबल्याचे मानतो. प्रत्यक्षात कोणतीही कळ खाली गेलेली नसते. हे कसे साधते?

कळ दाबणे ही आपणांस एकच क्रिया भासते. संगणकाच्या लेखी मात्र त्या दोन घटना असतात : कळ खाली जाणे आणि कळ वर येणे. विंडोज प्रणालीत कंट्रोलचा क्रमांक १७, तर सीचा ६७ आहे. प्रोग्रामने क्रमाने कळवायचे ते असे : १७ खाली, ६७ खाली, ६७ वर, १७ वर. या चारही घटना ‘सेंडइनपुट’ या फंक्शनकडे एकाच यादीत सोपवाव्यात, म्हणजे मध्येच दाबलेली खरी कळ त्यांत घुसत नाही.

नवशिका प्रोग्रामर बहुधा चौथी घटना विसरतो. मग कंट्रोल दाबलेलीच राहते. वापरणारा बिचारा ‘ए’ लिहू पाहतो, तो सगळा मजकूर निवडला जातो. पाठोपाठ ‘एक्स’ दाबताच तो नाहीसाही होतो! खरी कंट्रोल कळ एकदा दाबून सोडली, की हा घोळ सहसा मिटतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. कळा पोहोचतात त्या कार्यरत खिडकीकडे. पडद्यावरील कळफलकावर टिचकी देताच तोच कार्यरत झाला, तर कळा त्याच्याच पदरात पडतील आणि पत्र कोरेच राहील. म्हणून टिचकी घेणारी, पण स्वतः कार्यरत न होणारी खिडकी रचावी लागते.

या सोयीचा दुरुपयोगही संभवतो. २००७ साली सर्वांसाठी विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सामान्य अधिकाराचा प्रोग्राम प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या खिडकीला कळा पाठवू शकत नाही. प्रयत्न फसतो, पण या अडथळ्यामुळे फसला हे फंक्शन सांगत नाही. शोधणाऱ्याचे तासन्‌तास त्यात जातात. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही त्रयी तर या मार्गाने पाठवताच येत नाही. साहाय्यक प्रोग्रामांना मात्र अधिकाराच्या या अडथळ्यातून सवलत मिळू शकते. त्यासाठी प्रोग्रामवर विश्वासार्ह अंकीय स्वाक्षरी असावी लागते व तो सुरक्षित जागी स्थापित असावा लागतो.