निवृत्त टपालवाला

कृष्णाकाठच्या वाई गावात तीस वर्षांहून अधिक काळ टपाल वाटणारे एक गृहस्थ नुकतेच सेवानिवृत्त झाले. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो. वयाची ६० वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी टपालवाल्याला आपली पिशवी खाली ठेवावी लागते, असा सरकारी नियम आहे. तात्यांनीही ती ठेवली. खाकी गणवेश धुऊन, घडी घालून पेटीत गेला. पण पायांची सवय पेटीत थोडीच ठेवता येते!

पहिले काही दिवस मोठे कठीण गेले. सकाळी दहाचा सुमार झाला की त्यांचा जीव घरात रमेनासा होई. "आता स्वस्थ बसा, जन्मभर पुष्कळ चाललात," असे घरची मंडळी म्हणत. त्यांचे म्हणणे मायेचे होते, परंतु ज्याची वाट रोज शेकडो दारे पाहत होती, त्याला स्वस्थ बसणे कसे जमावे? अखेर तात्या वहाणा सरकवून बाहेर पडत. मधली आळी, गंगापुरी, घाट, ढोल्या गणपतीचे देऊळ, असा तोच जुना रस्ता. हात मात्र रिकामे.

गंगापुरीतील एक वृद्ध बाई ओट्यावर बसलेल्या असत. त्या नित्याप्रमाणे विचारीत, "तात्या, आमचं काही आलंय का रे?"

"नाही आजी. मी आता नोकरीतून सुटलो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही तोच. चौथ्या दिवशी तात्यांनी उत्तर बदलले. "टपाल नाही, पण तुमचं पासबुक द्या, भरून आणतो."

येथून त्यांच्या नव्या कामांना आरंभ झाला. कोणाची औषधाची चिठ्ठी, कोणाचे विजेचे बिल, कोणाचे गिरणीतले दळण. कामे किरकोळ खरी. पण ज्याला जिना उतरवत नाही, त्याला औषधाची पुडी किरकोळ वाटत नाही.

चालता चालता तात्यांचे मन जुन्या गोष्टींत रमे. दुकानासमोर खोकी उतरताना दिसली की त्यांची नजर आधी पिनकोडावर जाई. ही सहा अंकी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी, आणि संस्कृतचे कवीही. पहिल्या तीन अंकांवरून पत्राची दिशा ठरते, शेवटचे तीन अंक वाटप करणारे डाकघर सांगतात. साताऱ्याचा पिनकोड ४१५००१. पण त्याच जिल्ह्यातल्या वाईचा ४१२८०३! जिल्ह्याच्या सीमा एक आणि टपालाच्या वाटा दुसऱ्या, याची तात्यांना अजून गंमत वाटते.

मग नोव्हेंबर आला. मुलांनो, तुमच्या घरी निवृत्तिवेतन घेणारे आजोबा असतील, तर त्यांना या महिन्याचे महत्त्व विचारा. आपण हयात आहोत, असा दाखला त्यांना दरवर्षी द्यावा लागतो. मृताच्या नावे पैसे जात राहू नयेत, एवढाच त्याचा हेतू. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावरून यंत्राने देता येऊ लागला, आणि २०२० पासून टपालवाले घरी येऊनही तो घेऊ लागले. म्हातारपणी बोटांवरच्या रेषा झिजतात. मग यंत्र माणसाला ओळखत नाही. अशा वेळी फोनसमोर चेहरा धरून पापण्या मिटाव्या लागतात. तात्यांनी कितीतरी वृद्धांना हे करायला लावले होते.

आता त्यांच्या जागी आलेला तरुण त्यांच्याच दारी उभा राहिला.

"तात्या, जरा पापण्या मिटा."

तात्यांना हसू आवरेना. हसण्याच्या भरात पापण्या भलत्याच वेळी मिटल्या आणि सारे पुन्हा करावे लागले. दुसऱ्या खेपेस मात्र दाखला मिळाला. तरुण उठला, पण निघेना. त्याने पिशवीतून एक पाकीट काढले. त्यावर आडनाव होते आणि पुढे एवढेच: 'नदीजवळ, वाई'.

"दोन दिवस हिंडतोय, तात्या. ह्या आडनावाची चार घरं झाली, सगळे नाही म्हणतात."

तात्यांनी चश्मा लावला, अक्षर न्याहाळले आणि कोपऱ्यातल्या वहाणा ओढल्या.

"बोळ अरुंद आहे. सायकल इथंच ठेव," ते म्हणाले, आणि दोघे घाटाच्या दिशेने निघाले.