डिस्क बदलताना: वटारच्या घरांत शिकलेलं

मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेले कॉम्प्युटर आमच्या वटार गावात घरोघरी आहेत. ते मंदावले की लोक नवा घ्यायला निघतात. बहुतेक वेळा नुसती डिस्क बदलली तरी काम भागतं. सगेसोयरे आणि शेजाऱ्यांच्या डिस्क बदलता बदलता मला जे कळलं, ते असं.

१. कॉम्प्युटरच्या कंपनीचीच डिस्क हवी, हा हट्ट सोडा. सॅमसंगने आपला हार्ड डिस्कचा धंदा २०११ मध्ये सीगेटला विकला, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे गेला. आता हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डेल किंवा एचपीच्या नव्या मशीनमधली हार्ड डिस्कही यांच्यापैकीच कुणाची तरी असते. अपवाद आहेत. २०११ च्या आयमॅकमध्ये बाजारातली साधी डिस्क बसवली की मशीनला तिचं तापमान कळत नाही आणि पंखा पूर्ण वेगाने घोंघावत राहतो. तिथे वेगळा सेन्सर लावावा लागतो.

२. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाण्याआधी मशीन उघडून बघा. आधी न बघता गेलात, तर नालासोपारा ते ग्रँट रोड हा लोकलचा प्रवास फुकट जाऊ शकतो. जुन्या मशीनला रुंद पट्टीची आयडीई केबल असते, नंतरच्यांना साटा. एम.२ च्या एसएसडी पट्ट्या (यांत फिरत्या तबकड्यांऐवजी चिप असतात) दिसायला सारख्या, पण काही साटाच्या, काही एनव्हीएमईच्या. एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही.

३. जुन्या साटा मशीनला महागडी एसएसडी नको. साटातून सेकंदाला जास्तीत जास्त साधारण ५५० एमबीच जातात. साधी एसएसडीही जुन्या मशीनचा जीव वाचवते.

४. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. फसवणूक असते ती कवडीमोल भावाच्या 'सोळा टीबी' डिस्कमध्ये. घेतल्याबरोबर ती काठोकाठ भरून तपासा.

५. समुद्र जवळ, हवा दमट. बहुतेक हार्ड डिस्कना आतला आणि बाहेरचा दाब समान ठेवण्यासाठी बारीक छिद्र असतं. त्यावर लेबल चिकटवू नका. एसीतून बाहेर आणलेली डिस्क लगेच जोडू नका, आत पाणी धरू शकतं.

६. हे सगळ्यात महत्त्वाचं. कटकट आवाज सुरू झाला की स्कॅन लावू नका. नको असलेलं काही चालवू नका, आधी फोटो आणि रेकॉर्डिंग दुसरीकडे घ्या. आमच्याकडे आज्यांनी म्हटलेली लग्नाची गाणी कित्येक घरांत एकाच डिस्कवर आहेत. नवी डिस्क बाजारात मिळते, आज्यांचा तो आवाज मिळत नाही. एसएसडीवर वर्षानुवर्षं वीज न देता ठेवलेला मजकूरही पुसट होऊ शकतो. म्हणून दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवा, मधूनमधून जोडून बघा.

७. जुनी हार्ड डिस्क भंगारात देताना नुसती फॉरमॅट करू नका. क्विक फॉरमॅटने मजकूर जात नाही, फक्त त्याचा पत्ता पुसला जातो. ती संपूर्ण पुसून, नाहीतर तबकड्या फोडूनच द्या.