करवतीची किनार आणि बाराबंदी

प्रश्न : मी मोहाडीला राहते. नागपूरकर भोसल्यांच्या काळातली बाराबंदी केवळ हौसेपोटी शिवून पाहायची आहे. मशीनवर ब्लाउज, फ्रॉक शिवले आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, आधी मांजरपाटावर करा. बाराबंदीचं बेतणं ब्लाउजपेक्षा सोपं आहे : टक्स नाहीत, बहुतेक तुकडे सरळ, आणि घेरासाठी तिरप्या कळ्या. खरी मेख काखेत. तिथे चौबगला, म्हणजे छोटा चौकोनी तुकडा, लावल्याशिवाय हात वर होत नाही, उसवतं. तो दोनदा उसवून तिसऱ्यांदा नीट बसला तरी मन खट्टू करू नका. छातीवर बटणं नकोत, बंदच हवेत. त्यांच्यावरूनच तर या अंगरख्याचं नाव पडलं.

कापड मात्र लांबून मागवू नका. तुमच्याच तालुक्यात आंधळगावला कोसा विणला जातो. करवती किनारीच्या कोशाचं अंग टसरचं आणि किनार सुती असते. धुतल्यावर दोन्ही सारखे आटत नाहीत. म्हणून बेतण्याआधी गार पाण्यातून काढा, सावलीत वाळवा. किनार कापू नका, घेराच्या खालच्या कडेला येऊ द्या. करवतीचे ते दाते तिथे फार सुंदर दिसतात. कोशाचे धागे सुटतात, तेव्हा शिवणीत दोन बोटं माया ठेवा.

भोसल्यांचं राज्य 1853 साली खालसा झालं. शिवणयंत्रं तेव्हा इकडे रुळली नव्हती, म्हणून त्यांच्या काळातले कपडे हातशिलाईचेच. आतल्या शिवणी मशीनवर चालतील, पण बंद आणि कडा धावदोऱ्याने, हाताने घाला. रोज वीतभर झालं तरी पुष्कळ.