जखमेवर प्रथिनांचं जेल लावण्याआधी

‘वडिलांना मधुमेह आहे. तळपायाची जखम अडीच महिने झाले तरी भरत नाही. आता ग्रोथ फॅक्टरचं जेल लिहून दिलंय, पण ते फार महाग आहे. आणू का?’ अशा अर्थाची विचारणा माझ्याकडे सतत होते. त्याचं उत्तर हो किंवा नाही इतक्यात देता येत नाही. जेल चांगलं आहे, पण ते कोणत्या जखमेवर आणि कधी लावलं जातं, यावर सगळं ठरतं.

आधी हे जेल म्हणजे काय ते पाहू. आपल्याला कापलं की रक्तातल्या प्लेटलेट्स तिथे गोळा होतात आणि काही प्रथिनं सोडतात. ही प्रथिनं आजूबाजूच्या पेशींना बोलावून घेतात, त्यांना वाढायला आणि नव्या रक्तवाहिन्या तयार करायला लावतात. त्यांनाच ग्रोथ फॅक्टर म्हणतात. शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीच्या अर्कात असं एक प्रथिन सापडलं. तो अर्क टोचल्यावर उंदराच्या पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडत होते, त्यावरून शोधाला सुरुवात झाली. ग्रोथ फॅक्टरच्या शोधासाठी त्यांना आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं. कोहेन यांचं ते प्रथिन म्हणजे ईजीएफ. क्युबात हवानाच्या जनुक अभियांत्रिकी केंद्राने त्याचं इंजेक्शन तयार केलं असून तिथे ते थेट जखमेत टोचतात. आपल्याकडे ईजीएफ जेलच्या रूपात मिळतं. दुसरं प्रथिन पीडीजीएफ. यीस्टमध्ये तयार केलेल्या पीडीजीएफच्या जेलला, म्हणजे बेकाप्लर्मिनला, अमेरिकेत १९९७ मध्ये मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी परवानगी मिळाली.

बेकाप्लर्मिनचा उपयोग किती होतो? ३८२ रुग्णांच्या एका अभ्यासात २० आठवड्यांत औषधाचं जेल लावलेल्यांपैकी ५० टक्के जखमा पूर्ण बंद झाल्या, तर औषध नसलेलं जेल लावलेल्यांपैकी ३५ टक्के. फरक खरा आहे, पण दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, औषध लावूनही निम्म्या जखमा उघड्याच राहिल्या. दुसरी जास्त महत्त्वाची: नुसतं साधं जेल लावलेल्यांपैकीही एक तृतीयांशांहून अधिक जण बरे झाले, कारण दोन्ही गटांत जखमेची मृत कातडी नियमित काढली जात होती आणि पायावरचा भार कमी केला जात होता. शिवाय पायात पुरेसं रक्त पोचतंय अशाच रुग्णांना अभ्यासात घेतलं होतं. या जेलवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या केंद्रांत मृत भाग काढण्याचं काम जास्त वेळा झालं, तिथे जखमा जास्त भरल्या.

म्हणून जेल आणायला दुकानात जाण्याआधी डॉक्टरांना काही प्रश्न विचारा. ते विचारण्यात संकोच नको, तो तुमचा हक्क आहे.

पायात रक्त पोचतंय का? पावलावरची नाडी लागते का, घोट्याजवळचा रक्तदाब मोजला का, गरज असेल तर रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी केली का? बंद पडत आलेल्या रक्तवाहिनीच्या पायावर कोणतंही प्रथिन चालत नाही, तिथे आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं काम असतं. हाडापर्यंत जंतू गेलेत का? जखमेत सळई घातल्यावर टोक हाडाला लागत असेल तर शंका पक्की धरायची. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही तरी निर्धास्त होऊ नका, हाडातला बदल एक्स-रेत उशिरा उमटतो. जखम फार जुनी असेल, कडा वर उचललेल्या असतील किंवा ती भाजल्याच्या जुन्या व्रणात असेल, तर कडेचा तुकडा काढून तपासायलाच हवा. अशा जखमेत कधी कधी कर्करोग दडलेला असतो, आणि त्या जागी बेकाप्लर्मिन लावायला स्पष्ट मनाई आहे. या जेलच्या तीन किंवा त्याहून जास्त नळ्या वापरणाऱ्यांत कर्करोगाने मृत्यू वाढतात अशी ठळक सूचना अमेरिकेत २००८ मध्ये आली होती. पुढच्या माहितीत तो धोका ठामपणे दिसला नाही आणि २०१८ मध्ये ती सूचना काढली गेली. जखमेच्याच जागी गाठ असेल तर मात्र मनाई आजही कायम आहे.

आणि भाराचं काय? माझा सगळ्यात जास्त आग्रह इथेच असतो. मधुमेहाने पाय बधिर झाला की दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर दिवसभर हिंडतो. अंगठ्याच्या मागे, तळव्याच्या गादीवर एक वाटोळी जखम होते, भोवती कडक पांढरट घट्टा. हा घट्टा म्हणजे तिथे रोज दाब पडत असल्याची खूण. ओल मुरत असलेल्या भिंतीला कितीही भारी रंग लावला तरी तो पोपडे धरून पडतोच, तसं या जखमेवर जेल वाया जातं. अशा पायाला गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घालून भार सगळ्या तळव्यावर वाटून देतात. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी हा उपाय आपल्या देशात फार आधी वापरला गेला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम केलेले डॉ. पॉल ब्रँड पुढे अमेरिकेत गेले, आणि मधुमेहींच्या पायांसाठीही तो रूढ झाला. प्लास्टर शक्य नसेल तर खास बूट किंवा काठी-वॉकर. ‘संडासापुरतं चाललं’ तेही मोजायचं.

हे सगळं जमलं आणि तरीही चार आठवड्यांत जखम निम्म्याने आकसली नाही, तर प्रथिनांच्या उपचाराचा विचार रास्त आहे. जुनाट जखमेत प्रथिनं कापून टाकणारी विकरं फार वाढलेली असतात आणि शरीराने सोडलेले ग्रोथ फॅक्टर तिथेच फुकट जातात. कोलॅजनच्या पट्ट्या आणि दाणे याच कारणाने वापरतात. कोलॅजन हेही प्रथिनच, ती विकरं त्याच्यावर खर्ची पडतात आणि नव्या पेशींना चढायला आधार मिळतो. ते गाईचं, डुकराचं किंवा माशाचं असतं. कुणाला धर्माने चालत नाही, कुणाला माशाची ॲलर्जी असते. तेव्हा आधी विचारा.

बेकाप्लर्मिनचं जेल फ्रीजमध्ये ठेवायचं, पण फ्रीझरमध्ये नाही. जखम सलाइनने धुवायची, डॉक्टरांनी मोजून दिलेल्या लांबीचं जेल स्वच्छ काडीने सुमारे दीड मिलिमीटर जाडीचं एकसारखं पसरायचं, वर सलाइनने ओलसर केलेला गॉज. नळीचं तोंड जखमेला लावायचं नाही. बारा तासांनी उरलेलं जेल धुवून टाकायचं आणि पुढचे बारा तास नुसती ओलसर पट्टी. जखमेचं माप दर आठवड्याला लिहून ठेवा, नुसत्या आठवणीवर विसंबू नका. दहा आठवड्यांत साधारण तिसरा हिस्साही कमी झाली नाही, तर डॉक्टरांनी सगळं पुन्हा तपासलं पाहिजे. जेलवर हळद, चुना, तंबाखू किंवा दुकानातली पावडर टाकू नका. रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून जखम फसफसवण्याची सवय तर सोडाच, त्याने नव्या पेशीही मरतात.

तोंडातून जाणाऱ्या प्रथिनांचीही काळजी घ्या. ‘आंबट नको, अंडं नको, वरण नको, जखम पिकेल’ अशी पथ्यं ऐकून अनेक रुग्ण भात-चटणीवर आलेले मी पाहतो, आणि फार वाईट वाटतं. जखम भरायला शरीराला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात तितकीच, वाटीभर घट्ट वरण-उसळीत पाच-सात. तेव्हा दोन्ही वेळा उसळ, दही, अंडी किंवा मासे, पनीर, भिजवलेलं सोयाबीन हवंच. उपासाच्या दिवशी नुसती साबुदाण्याची खिचडी चालणार नाही, दूध, दही, शेंगदाणे घ्या. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र प्रमाण मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारूनच. बाजारातली कोलॅजनची पावडर महाग असते, आणि पोटात गेल्यावर तिचंही पचन होतं. तोच पैसा अंड्या-उसळींवर खर्च करा.

जखम बंद झाल्यावरही गाफील राहू नका. मधुमेहाच्या पायाची बरी झालेली जखम वर्षभरात सुमारे ४० टक्के रुग्णांत पुन्हा उघडते. घरातही मऊ तळाची, एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबरची) चप्पल घाला. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणं किंवा अनवाणी वारी करणं बधिर पायासाठी धोक्याचंच. तळवा रोज आरशात पाहा, दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगा.

आणि उपचार चालू असताना पाय लाल होऊन सूज वर चढू लागली, घाण वास आला, ताप किंवा हुडहुडी भरली, साखर एकाएकी वाढली, किंवा बोट काळं पडलं, तर पुढच्या ड्रेसिंगच्या तारखेची वाट पाहायची नाही. जेल बाजूला ठेवून त्याच दिवशी, रात्र असली तरी, सर्जन असलेलं रुग्णालय गाठा.