एका काचेची अदलाबदल

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश कळतो. आपले डोळे ७००च्या आसपास थांबतात. पुढचा इन्फ्रारेड प्रकाश नेहमीच्या फोटोंचे रंग बिघडवतो, म्हणून सेन्सरच्या पुढ्यात तो अडवणारी काच बसवलेली असते. ही काच काढून तिच्या जागी नेमकं उलट काम करणारी काच लावली की कॅमेरा इन्फ्रारेडचा झाला. नव्याने या वाटेला येणाऱ्यांना मी जे सांगते, ते इथे लिहून ठेवते आहे.

१. कॅमेरा उघडण्याआधी लेन्सवर फिरवून बसवायचा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर आणा. कॅमेऱ्यातली काच तशीच असल्यामुळे एकेका फोटोला काही सेकंद लागतील, ट्रायपॉड लागेल, वाऱ्याने पानं हलून पुसट येतील. पण असा प्रकाश आपल्याला मनापासून आवडतो का, हे कळेल. आवडला, तरच पुढे जा. कारण इन्फ्रारेड काच बसवलेल्या कॅमेऱ्याने तुम्ही हातात धरून, भर वेगात फोटो काढाल, पण घरच्या लग्नाचे साधे फोटो मात्र त्याने पुन्हा निघणार नाहीत.

२. कोणती काच लावायची, हा सगळ्यात मोठा निर्णय. ५९०ची काच बराचसा लाल-नारिंगी प्रकाशही आत सोडते, त्यातून सोनेरी पानं मिळतात. ८३०ची काच शुद्ध कृष्णधवल देते, आकाश जवळजवळ काळं. ७२० या दोघींच्या मधली, आणि पहिल्या कॅमेऱ्यासाठी माझा कौल तिलाच. साधी पारदर्शक काच लावून सगळा प्रकाश आत घेण्याचाही पर्याय आहे. मग फिल्टर लेन्सवर लावायचा, हवा तेव्हा बदलायचा. मात्र डीएसएलआरवर गडद फिल्टर चढवला की व्ह्यूफाइंडरमधून काहीच दिसत नाही.

३. मिररलेस कॅमेरा निवडा. डीएसएलआरमध्ये फोकस ठरवणारा भाग वेगळा असतो आणि तो दृश्य प्रकाशावर चालतो. इन्फ्रारेडचा फोकस किंचित दुसरीकडे पडतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल ठिपका असायचा. मिररलेस कॅमेरा सेन्सरवरच फोकस करतो, त्यामुळे ही कटकट उरत नाही. मात्र काही मॉडेलांत शटरवर लक्ष ठेवायला आतच बारीकसा इन्फ्रारेड दिवा असतो आणि त्याचा उजेड फोटोत उतरतो. घ्यायच्या मॉडेलची तशी चौकशी आधीच करा.

४. आता उघडण्याचं काम. कॅमेऱ्यात फ्लॅश असेल, तर त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असू शकतो, आणि बॅटरी काढली म्हणून तो जात नाही. तो रेझिस्टरमधून उतरवायचा कसा, हे ज्याला नीट येत नाही त्याने बिनफ्लॅशचा कॅमेरा घ्यावा किंवा काम जाणत्याकडे द्यावं. यात भीड बाळगू नका. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू बहुधा जेआयएस पद्धतीचे असतात. साध्या फिलिप्स पेचकसाने त्यांची डोकी झिजतात. कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढून, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून, निघालेला स्क्रू त्या-त्या जागी ठेवत जा. चपट्या रिबन केबलची खिट्टी आधी उघडायची, मगच केबल काढायची.

सेन्सरखाली कागदासारख्या पातळ चकत्या सापडतील. त्या सेन्सरची पातळी राखतात, म्हणून ज्या कोपऱ्यातली चकती त्याच कोपऱ्यात परत गेली पाहिजे. नव्या काचेची जाडीही तितकीच महत्त्वाची. एक मिलिमीटर जाडीची काच काढून तिथे काहीच लावलं नाही, तर प्रतिमा सुमारे एकतृतीयांश मिलिमीटर पुढे, लेन्सच्या बाजूला पडते. मग लेन्स कितीही फिरवा, दूरचा डोंगर स्पष्ट येत नाही. म्हणून आपल्याच मॉडेलसाठी कापलेली काच मागवा.

हे सगळं पंखा बंद करून, नुकत्याच ओल्या फडक्याने पुसलेल्या खोलीत करा. काचेखाली अडकलेला कण प्रत्येक फोटोत दिसतो.

५. चांगली म्हणून नावाजलेली लेन्स इन्फ्रारेडमध्ये फोटोच्या मधोमध पांढुरका डाग देऊ शकते. छिद्र लहान केलं की डाग ठळक होतो. एफ/५.६ ते एफ/१६ असे मोकळ्या आकाशाचे फोटो काढून प्रत्येक लेन्स तपासा.

६. इन्फ्रारेड फोटोत पानं पांढरी दिसतात ती उष्णतेमुळे, हा चुकीचा समज सगळीकडे भेटतो. शरीराची उष्णता टिपणारे कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनवर चालतात, आपल्या प्रकाशापेक्षा साधारण दहापट लांब लहरींवर. हरितद्रव्य इन्फ्रारेड शोषत नाही आणि पानातल्या पेशी, त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो चहूकडे परतवतात. रॉबर्ट वुड यांनी १९१० साली असे फोटो प्रसिद्ध केले, म्हणून पानांच्या या पांढरेपणाला वुड परिणाम म्हणतात.

म्हणून ताजं, भरगच्च पान हवं आणि त्यावर थेट ऊन हवं. एरवी फोटोग्राफर टाळतात ती दुपारची वेळ इथे सोन्याची. एप्रिलात रानातली निम्मी झाडं बोडकी असताना आंबा आणि वड असे उजळून निघतात की त्यांच्या खालून हलवत नाही. सप्टेंबरात कासच्या पठारावर मात्र हा कॅमेरा नेऊ नका. फुलं आणि पानं दोन्ही फिकट, रंगांचा उत्सव पुसून जातो. त्यापेक्षा हिवाळ्यात सिंहगडावर जा. धुरकट हवेतून राजगड-तोरण्याच्या कडा कापून काढल्यासारख्या उठतात, कारण लांब लहरी हवेत कमी विखुरतात. धुकं मात्र हा प्रकाश भेदत नाही. पाण्याचे थेंब त्यालाही अडवतातच.

७. फोटो रॉमध्येच काढा, व्हाइट बॅलन्स उन्हातल्या हिरवळीवर ठरवा आणि हिस्टोग्राममधली लाल वाहिनी उजवीकडे चिकटत नाही ना, ते पाहा. फक्त मीटरवर विसंबू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये तापमानाची पट्टी पुरेशी खाली जात नाही, तिथे कॅमेऱ्याचं स्वतंत्र प्रोफाइल बनवावं लागतं. लाल आणि निळ्या वाहिन्यांची अदलाबदल केली की आकाश निळं होतं. पुष्कळांना ते आवडतं, मला नाही. निळं आकाश आलं की बघणारा ओळखीचं जग शोधू लागतो आणि झाडाकडे बघायचं राहतं. माझे फोटो मी कृष्णधवलच ठेवते.