मेणबत्ती घासू नकोस

सक्करदरा, नागपूर
12 मे

चि. ओंकार,


नंदाकाकूंची सून परवा गोव्यातल्या मांद्र्याहून आली. म्हणाली, ओंकारच्या हनुवटीला टाके पडले. सर्फबोर्डावरून पाय सटकला, कारण पठ्ठ्या त्यावर मेणबत्ती घासून पाण्यात उतरला होता. मेणबत्ती! काय करून राहिला तू, बाप्पा? दिवाळीच्या मेणबत्त्यांचे साचे भरताना वाती ताणून कोण धरायचं आपल्या घरी?

पॅराफिनमध्ये स्टिअरिक ॲसिड आपण कशाला घालतो? नागपूरच्या उन्हात मेणबत्ती वाकू नये, साच्यातून अलगद सुटावी म्हणून. म्हणजे कडक आणि गुळगुळीत. पायाखाली हवं ते नेमकं उलटं. बोर्डाच्या वॅक्समध्येही बहुतेकदा पॅराफिनच असतं, पण मधमाशांचं मेण, खोबरेल असलं काही घालून ते चिकट करतात.

तू म्हणशील, पूर्वी साधंच मेण लावायचे. लावायचे ना. 1935 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या अल्फ्रेड गॅलंटनं आधी फरशीचं मेण लावून पाहिलं, मग आईनं सुचवलं म्हणून पॅराफिन. तेव्हा दुसरं मिळत नव्हतं. तुला मिळतं.

वेष्टनावर पाण्याचं तापमान लिहिलेलं असतं, ते वाच. गोव्याचं पाणी आत्ता 30 अंशांच्या आसपास. थंड पाण्याचं वॅक्स तिथं लोण्यासारखं पाघळेल. ट्रॉपिकलच घे. आधी कडक बेस कोट, हलक्या हातानं गोल गोल, बारीक दाणे उठेपर्यंत. दाबून घासलंस तर दाणे उठतच नाहीत. मग त्यावर वरचा थर, शेपटीपासून पुढचा पाय पडतो तिथपर्यंत. रोज उतरण्याआधी थोडं चोळ. दाणे दबले की कंगव्यानं ओरखडून घे. बोर्ड उन्हात टाकून चहाला जाऊ नकोस. आणि आजीसारखं अंगाला खोबरेल चोपडून तर मुळीच चढू नकोस.

दादाला यातलं काही सांगितलं नाही. त्यानं तुला लगेच परत बोलावलं असतं. मला ते नको आहे. आमच्या वेळी पोरं सक्करदऱ्याच्या तलावात उड्या मारायची आणि आम्ही मुली काठावर निर्माल्याची टोपली धरून उभ्या. पोहायला शिकायचं म्हटलं की आई म्हणे, लग्नानंतर शीक. नंतर कोण शिकवतं?

म्हणून रागावले तरी जा तू समुद्रावर. फक्त मेणबत्ती नको रे. टाके काढेपर्यंत पाण्यात जाऊ नकोस, आणि जीवरक्षकांचा लाल झेंडा दिसला तर मुकाट्यानं परत फीर. वॅक्ससाठी पैसे टाकलेत तुझ्या खात्यात. दुसरीकडे उडवू नकोस. बरं, उडवलेस तर उडव, पण वॅक्स घेऊन उरले तर.

डिसेंबरात मी येते आहे. मला गुडघाभर पाण्यापर्यंत घेऊन जा, हात मात्र सोडू नकोस. दादाला मी देवदर्शनाला जाते म्हणून सांगेन.

तुझी,
आत्या